वेंगुर्ल्याचे आंबे, शोळिंगनल्लूरचे ताडगोळे

(मंडळाच्या गणेशोत्सवात ‘सभासदांचे मनोगत’ या कार्यक्रमात केलेले भाषण. बोलताना राहून गेलेल्या दोन-तीन गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



मी रेल्वेत रुळांच्या देखभालीचे काम करतो आणि राहतो शोळिंगनल्लूरला, जिथे रेल्वेचे स्टेशनच नाही. सौ.ची नोकरी ओल्ड महाबलिपुरम रोडवरच्या एका आयटी कंपनीत, म्हणून घर तिकडे. आता आमच्या दारात मेट्रोचे खांब उभे राहिले आहेत, पण ते खाते माझे नव्हे. सांगायचे एवढेच की भाषण करणे हाही माझा प्रांत नाही. डिप्लोमाच्या तोंडी परीक्षेनंतर इतक्या लोकांसमोर मी आजच उभा आहे. सेक्रेटरींनी ‘आपल्याकडचे आणि इकडचे उन्हाळ्याचे खाणे’ असा विषय दिला तेव्हा मी म्हटले, अहो, भाद्रपदात उन्हाळ्यावर कोण ऐकेल? ते म्हणाले, मद्रासेत बारा महिने उन्हाळाच असतो, बोला तुम्ही.

माझे गाव वेंगुर्ले. सिंधुदुर्गात, अरबी समुद्राच्या काठी, गोव्याच्या हद्दीपासून जवळ. एके काळी डचांची वखार होती, तिचे पडके अवशेष अजून आहेत. गाव लहान, बाजार त्याहून लहान. पण फेब्रुवारी ते जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत त्या बाजारात जे येते ते इतके नेमाने येते की कॅलेंडर बघावे लागत नाही. आधी ओले काजू. हिरव्या बिया कोयतीने चिरून गर काढायचे, चिकाने हात काळे होतात, सालटी निघतात, म्हणून बायका हाताला राख चोळतात. त्या गरांची वाटण लावून केलेली उसळ ज्याने खाल्ली, त्याला काजू म्हणजे दिवाळीच्या डब्यातला सुका मेवा हे पटवणे अवघड जाते. पाठोपाठ काजूचे बोंडू, खाल्ले की घसा खवखवतो, तरी मुले खातात. (बोंडवांपासून आणखी काय करतात ते बाप्पासमोर बोलत नाही.) मग कैऱ्या आणि कोवळ्या फणसाची भाजी. एप्रिलात हापूस. मेमध्ये रायवळ आंबे आणि त्यांचे सासव, करवंदे, जांभळे, पिकलेले फणस. शेवटी रतांबे, म्हणजे ज्याचे आपण कोकम करतो ते फळ.

रतांब्यांपाशी हंगामाची शर्यत सुरू होते. साली काढायच्या, वाळवायच्या, मीठ घातलेल्या त्यांच्याच रसात बुडवून पुन्हा वाळवायच्या, असे कित्येक वेळा. तेव्हा कुठे सोले काळीभोर होतात. एवढ्यात पाऊस आला तर सगळे फुकट. म्हणून मे अखेरीस आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसे. एका चटईवर सोले, दुसरीवर आंब्याची साटे, तिसरीवर फणसपोळी, दोरीवर पापड्या, कोपऱ्यात सुके बांगडे आणि ते राखायला आम्ही पोरे. कावळे हाकलण्याची मजुरी म्हणून फणसपोळीचा कडेचा तुकडा मिळे. मृगाच्या आत सगळे बरणीत गेले पाहिजे, हा आईचा नियम. पुढचे चार महिने घर त्या बरण्यांवर चाले.

माझ्या वडिलांना, बाबांना, प्रत्येक वस्तूचा आठवडा ठाऊक होता. वाडीत हापूसची झाडे पाचच, पण आंबा केव्हा उतरवायचा, आढीत किती दिवस ठेवायचा, कुठला आधी खायचा, हे ते वास घेऊन सांगत. आढीत हात घालायची परवानगी त्यांच्याशिवाय कोणालाच नव्हती.

मालवणच्या पॉलिटेक्निकमधून सिव्हिलचा डिप्लोमा केला, रेल्वेत लागलो, दोन-चार ठिकाणी बदल्या होऊन २०१२ साली चेन्नईत आलो. तेव्हापासून दर एप्रिलात बाबा पेटी पाठवीत. चार डझन हापूस, पेंढ्यात रचलेले, वर पट्टी मारून माझे नाव. वेंगुर्ल्याहून कोणाबरोबर तरी पुढे, तिथून पार्सलने. ती पेटी येईपर्यंत आम्ही इथल्या आंब्याला हात लावत नसू. घरात असा जणू कायदाच होता की हापूस सोडून बाकी आंबा म्हणजे आंबाच नव्हे. आज इथे बसलेल्यांपैकी निम्म्या घरांत तो कायदा चालू असेल, तुमच्या हसण्यावरून कळते आहे.

२०१५ साली पेटी वाटेत कुठेतरी अडकली. नऊ दिवसांनी हातात आली तेव्हा पेटीखालून रस गळत होता. अठ्ठेचाळीस आंब्यांपैकी सात निघाले खाण्याजोगे, आणि त्यांतही साका. संध्याकाळी बाबांचा फोन आला.

“आंबे बरे गावले मां?”

मी म्हटले, “होय बाबा, एकदम बरे.”

“साको नाय ना खंयच्यात?”

“नाय, एकात पण नाय.”

“बरां,” म्हणाले आणि फोन ठेवला. पुढच्या वर्षी त्यांनी सांगितले की यंदा आंबा धरला नाही, पेटी येणार नाही. हापूस एक वर्षाआड धरतो हे सगळ्यांना माहीत आहे, मला काही वाटले नाही. २०१७ च्या फेब्रुवारीत बाबा गेले. झाडांना तेव्हा मोहोर होता.

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर आईला मी शोळिंगनल्लूरला आणले. अकरावा मजला. खाली तीन टॉवरांच्या मधे टाइल्स लावलेले अंगण, त्यात वाळवण घालायला मनाई, तशी नोटीसच होती. येताना तिने एका पिशवीत सोले आणि एका बाटलीत आगळ आणले होते. इथल्या चिंचेच्या राज्यात ते ती मोजून वापरी. (तंजावरच्या मराठे राजांच्या मुदपाकखान्यात आमसुले संपली, म्हणून डाळीत चिंच घातली आणि सांबार जन्माला आले, ही गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. खरी-खोटी देव जाणे. आई ऐकून म्हणाली, संपण्याआधी कोणाला तरी पाठवायचे होते आणायला.)

२०१८ च्या मे महिन्यात तिचे खाणेच तुटले. इथे ४ मेपासून २८ मेपर्यंत साधारण पंचवीस दिवसांना अग्निनक्षत्र म्हणतात, कत्तिरी वेयिल, म्हणजे ऐन भट्टी. आईला भूक लागेना. आंबा कापून दिला तर म्हणे ठेव, मग खाते. आंबा तसाच राही. डॉक्टरांनी तपासले, रक्त-लघवी सगळे ठीक. वजन मात्र दीड महिन्यात चार किलो उतरले. मला भीती वाटू लागली. एका रात्री मी जरा चिडूनच विचारले, तुला नक्की हवे आहे काय? ती म्हणाली, “माका काय नको. हय उन्हाळोच नाय, नुसतो ताप आसा.”

मला ते तेव्हा कळले नाही. आमच्याकडे ऊन म्हणजे काहीतरी पिकण्याची वेळ. इथे तिच्यापुढे फक्त ऊन होते.

फरक पडला तो गेटबाहेरच्या एका बाईमुळे. फाटकाशी एक बाई कोयता घेऊन ताडगोळे सोलत बसे. तमिळमध्ये नुंगु. मुंबईत वसई-पालघरकडचे ताडगोळे मी खाल्ले होते, पण वेंगुर्ल्याला माडाचे राज्य, ताडाशी आमचा फारसा संबंध नाही. आई सकाळी देवळातून परत येताना तिच्यापाशी थांबली. ती हात धुऊन घेऊन गोळा सोलून देई आणि आई उभ्या-उभ्या खाई. मी ऑफिसातून आलो तर आईनेच विषय काढला. “ह्यां अडसराच्या कवळ्या खोबऱ्यासारख्यां लागता रे. पण आत पाणी आसा.” महिनाभरात तिने स्वतःहून खाण्याबद्दल काढलेले ते पहिले वाक्य. अडसर म्हणजे आमच्या मालवणीत शहाळे.

दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. आई तिला ‘बाय’ म्हणे, ती आईला ‘अम्मा’. तरी आठवडाभरात आईला इतके कळले होते की मला तिच्याकडून शिकावे लागले. ताडाच्या एका फळात बहुधा तीन गोळे असतात. उतरवले त्या दिवशीच खायचे, दुसऱ्या दिवशी घट्ट होतात. वरची पातळ पिवळट साल तुरट असते, लहान मुले ती टाकतात, पण सालीसकट खावे. पहाटे काढलेले गोड पाणी म्हणजे पदनीर, आपली नीरा. मडक्याला आतून चुना लावतात म्हणून ती आंबत नाही. आटवली की तिचाच गूळ, करुप्पट्टी. आई म्हणाली, ह्या बाईला पण प्रत्येक गोष्टीचा दिवस माहीत आहे. ‘पण’ कोणासाठी होता ते मी विचारले नाही.

त्यानंतर आमच्या घरचा तो कायदा मोडला. मीही डोळे उघडून बघू लागलो, आणि मला लाज वाटली, कारण अर्ध्या गोष्टी माझ्या ट्रॅकवर रोज समोर होत्या. आमच्या कामात उन्हाळा म्हणजे कसोटी. हवेपेक्षा रूळ पंधरा-वीस अंशांनी जास्त तापतो. लांब जोडलेला रूळ ज्या तापमानाला ताणरहित करून बसवलेला असतो, त्याच्या वीस अंश वर गेला की आम्ही हॉट वेदर पेट्रोलिंग सुरू करतो, म्हणजे माणूस भर उन्हात रुळावरून चालत वाकडेपणा बघतो. त्या माणसाच्या डब्यात काय असते? पळैय सोरु. रात्रीचा भात पाण्यात घातलेला, सकाळी त्यात ताक, मीठ, बाजूला छोटे कांदे आणि हिरवी मिरची. मी इतकी वर्षे त्याला गरिबाचा शिळा भात समजत होतो. आमची सकाळची पेज आणि सुका बांगडा याहून काय वेगळे आहे? दुसरे पेय म्हणजे बाजरीचे किंवा नाचणीचे कूळ, ताक घालून. पहिल्यांदा एका ट्रॅकमनने “सार, कूळ?” म्हणून ग्लास पुढे केला तेव्हा कोकणी माणूस असल्याने मला कुळकायदाच आठवला. चव घेतली तर आपली आंबील! त्यात कैरीचा मिठातला तुकडा. तेव्हापासून मे महिन्यात मी कोल्ड्रिंक घेतलेले नाही.

आई तर शोधच घेत सुटली. तमिळ नववर्षाला, १४ एप्रिलच्या सुमारास, शेजारच्या मामींनी मांगा पच्चडी आणून दिली, कैरी, गूळ आणि त्यात कडुनिंबाची फुले. आपण पाडव्याला कडुनिंबाची पाने गुळाबरोबर खातो, ह्यांनी फूल घेतले. रामनवमीला आपला सुंठवडा, इथे गूळ-सुंठीचे पानकम आणि नीर मोर, म्हणजे पातळ ताक. मावडू म्हणजे बोटाएवढ्या कैऱ्या मिठात मुरवलेल्या, मोर मिळगाय म्हणजे ताकातल्या वाळवलेल्या मिरच्या. आई म्हणे, नावे वेगळी, बरणी तीच.

माशांचे गणित मात्र उलटे. (मांडवात माशांचे नाव घेतो, बाप्पांनी क्षमा करावी.) आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना बंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणून मे महिन्यात खाऊन घ्यायचे. इथे पूर्व किनाऱ्यावर बंदी १५ एप्रिल ते १४ जून, पूर्वी पंचेचाळीस दिवस होती, २०१७ पासून एकसष्ट. म्हणजे वेंगुर्ल्यात मासळीची चैन, तेव्हा इथे उपास. मेमध्ये पाहुणे आले की सुरमई मागतात आणि बर्फातली खाऊन चेन्नईच्या माशांना नावे ठेवतात. त्या दिवसांत लहान होड्यांची किनाऱ्याजवळची मासळी घ्यावी. आमच्याकडून बकिंगहॅम कालवा ओलांडला की अक्करै, तिथून ईस्ट कोस्ट रोडने पुढे गेले की कोळ्यांच्या वस्त्या. सकाळी सात वाजता जायचे. मिळेल ते आणायचे.

आता आंबा. इथला मे म्हणजे बंगनपल्ली, सेलमकडचा मलगोवा, थोडेच दिवस मिळणारा इमाम पसंद. आणि सगळ्यांच्या शेवटी, जूनच्या सुमारास, नीलम. नीलमला आम्ही नाके मुरडीत होतो, लहान फळ, आणि कधी कधी कापल्यावर कोयीतून भुंगा बाहेर येतो. एक दिवस आई नीलम खाता खाता म्हणाली, “ह्यो वास माझ्या वळखीचो आसा.” मी विचार केला आणि मला आठवले. आमच्या वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने १९८१ साली ‘रत्ना’ नावाची जात काढली. साका नाही आणि हापूससारखी एक वर्षाआड दडी मारत नाही. ती जात म्हणजे नीलम आणि हापूस यांचा संकर. दक्षिणेचा नीलम आमच्या गावच्या आंब्याचा सोयरा होऊन बसला होता आणि मी त्याच्या गावात राहून त्याला ओळख दाखवत नव्हतो!

त्याच आठवड्यात आईने आढी घालायचे ठरवले. बाजारचा पिकवलेला आंबा नको, कॅल्शियम कार्बाइडने पिकवायला कायद्याने बंदी असली तरी कोणी काय केले असेल सांगता येत नाही. कच्चे बंगनपल्ली आणले. पेंढा कुठून आणायचा? टॉवरांच्या मागे जुने शोळिंगनल्लूर गाव आहे, तिथे अजून गाई आहेत. मी स्कूटरवर पेंढ्याचा भारा घेऊन लिफ्टपाशी आलो तेव्हा सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांनी अडवले. उंदीर होतील म्हणे. अर्धा तास वाद झाला. शेवटी चार दिवसांनी त्यांच्या घरी सहा आंबे पोचवण्याच्या बोलीवर पेंढा वर गेला आणि माझ्या पलंगाखाली आढी लागली. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची, ती रोज पलंगाखाली डोके घालून वास घेई. आईने तिला हात लावू दिला. मला आजही परवानगी नाही.

आढी चाळता चाळता आई सहज म्हणाली, “तू त्या वर्षी खोटा बोललंस. तेंका तेव्हाच कळला हुता.” मी गप्प. मग कळले की २०१६ ला आंबा भरपूर धरला होता. बाबांनीच ठरवले की आता पेटी पाठवायची नाही. आईला ते म्हणाले होते, “झिलाक थंयचो आंबो खावंदे.” पोराला तिथला आंबा खाऊ दे. मला ती गोष्ट कळायला दोन वर्षे लागली, आणि ज्यांना सांगायला हवे होते ते राहिले नाहीत.

एवढ्यावर गोड शेवट झाला असता, पण इथला हंगामही काही आपली वाट बघत थांबलेला नाही. आमच्या शेजारी पनैयूर आहे. नावाचा अर्थच ताडांचे गाव. आज तिथे बंगले आहेत, ताड शोधावे लागतात. नुंगुवाली बाई सांगते, आता माल चेंगलपट्टू, तिंडिवनमकडून येतो. तिचा नवरा ताडावर चढत असे, मुलगा कंपनीची कॅब चालवतो, तो चढणार नाही. तिचाही मुलाला आग्रह नाही, पडून मेलेली माणसे तिने पाहिली आहेत. ताड हा तमिळनाडूचा राज्यवृक्ष, २०२१ साली सरकारने जाहीर केले की कलेक्टरच्या परवानगीशिवाय तो तोडता येणार नाही. चांगलेच झाले. पण तोडायची परवानगी थांबली म्हणून चढणारा माणूस तयार होत नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात आमच्या पूर्ण रस्त्यावर टँकरशिवाय पाणी नव्हते. त्या वर्षीही ताडांना फळे होती, हे मी डोळ्यांनी पाहिले. वेंगुर्ल्याकडेही हल्ली मे महिन्यात अवेळी पाऊस येतो, सोले वाळता वाळत नाहीत. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण मोहोर कधी येईल ते आता कोणी वास घेऊन सांगू शकत नाही.

शेवटचे सांगतो आणि बसतो. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधतात, त्या दिवसांत रानात-परड्यात जे मिळते ते सगळे टांगायचे. नारळ, सुपारीचे घड, तवशी, कवंडळे, हरणे, तेरडा. इथे घरच्या गणपतीला आई पहिल्या वर्षी रडकुंडीला आली, कवंडळ शोळिंगनल्लूरला कुठून आणायचे? दुसऱ्या वर्षी नुंगुवाल्या बाईने चतुर्थीच्या आदल्या दिवशी पिशवीतून एक काळेभोर, पिकलेले ताडफळ आणून दिले. उन्हाळ्यात न उतरवलेले फळ भाद्रपदात पिकते. घरभर वास सुटला. वजन दीड-दोन किलो सहज. मी म्हटले, माटवी खाली येईल, तारेने बांधतो. आई म्हणाली, देवाच्या डोक्यावर तार चालत नाही, सुंब आण. मी रूळ जोडणारा माणूस, दोन तास सुंबाच्या गाठी मारत बसलो. माटवी टिकली. परवा उत्तरपूजा झाल्यावर फळ खाली काढले. त्याच्या तीन बिया आईने ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या आहेत. कालव्याच्या काठी कुठे लावता येतील ते मला बघायला सांगितले आहे. धरायला बारा-पंधरा वर्षे तरी लागतात असे मी तिला म्हटले. ती म्हणाली, “मगे उशीर कित्याक करतंस?”